भिंगांची वाटणी

चाळिशी फक्त माणसांनाच लागते, अशी परवापरवापर्यंत माझी समजूत होती. ती कॅमेऱ्यालाही असते, किंबहुना बिचारा कॅमेरा चाळिशी घेऊनच जन्माला येतो, हे ज्ञान मला पासष्टी उलटल्यावर झाले. आणि तेही नातीमुळे.

२०२४ च्या श्रावणात, राखीपौर्णिमेच्या सुट्टीला ती पुण्याहून साताऱ्याला आली होती. आमच्या बैठकीच्या खोलीत एक जुना, कृष्णधवल फोटो टांगलेला आहे. ताटाएवढे एक फूल. दोन पाकळ्या, खालची फुगीर, आणि तिच्यावर पावसाचा एक थेंब. आजवर ती त्याच्याखाली शंभरदा खेळली असेल. पण त्या दिवशी एकदम मान वर करून तिने विचारले,

"आजोबा, हे फूल खरं केवढं असतं?"

"तुझ्या करंगळीच्या नखाएवढं."

"मग एवढं मोठं कसं दिसतं? आणि पांढरं का आहे?"

"पांढरं नाही ते. निळंजांभळं असतं. सीतेची आसवं म्हणतात त्याला. तुझ्या पणजोबांनी काढलाय फोटो, सड्यावर पालथं पडून."

"तुम्हाला येतो का तसा काढता?"

या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारा आजोबा अजून जन्माला यायचा आहे. मी उठलो, आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यातून अण्णांचा कॅमेरा खाली काढला.

आमचे वडील, अण्णा, हायस्कुलात शास्त्र शिकवीत. १९७१ साली बोटीवर नोकरीला असलेल्या एका मित्राकडून त्यांनी असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक मागवला. हे मॉडेल जपानात १९६४ साली बाजारात आले होते. अण्णांच्या हाती आले ते सेकंडहँड. तरी त्या काळी एका शिक्षकाने कॅमेऱ्यासाठी इतके पैसे मोजावेत, हा आमच्या आळीत वर्षभर पुरलेला विषय होता. भाद्रपद उजाडला की दर रविवारी पहाटे अण्णा आम्हा दोघां भावांना घेऊन यवतेश्वराचा घाट चढत आणि कासच्या वाटेवरच्या जांभ्याच्या सड्यांवर फुले शोधीत हिंडत. कॅमेरा माझ्या गळ्यात असे. दादाच्या खांद्यावर पत्र्याची एक पेटी असे. तीत भिंगे, नळकांडी आणि कसल्या कसल्या कड्या. चालता चालता अण्णा गोष्टी सांगत. त्यांची आवडती गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर, १९१२ साली, फाळक्यांनी भांडवलवाल्यांना पटवण्यासाठी राजेरजवाड्यांचे चित्रण केले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट घेत त्याचा वेल वाढताना पडद्यावर दाखवला. 'अंकुराची वाढ'! "म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात हरिश्चंद्रापासून नाही रे, वाटाण्यापासून झाली," असे म्हणून अण्णा स्वतःच हसत. फाळक्यांची दृष्टी मध्यंतरी अधू झाली होती आणि उपचारांनी परत आली, हेही ते सांगत. पण ते हळू आवाजात.

अण्णा २००१ साली गेले. पुढच्या वर्षी वाटणी झाली. मामा मध्ये बसले होते. वाडा निम्मानिम्मा, भांडी निम्मीनिम्मी. आणि कॅमेऱ्यापाशी येऊन गाडे अडले. मामांना कॅमेऱ्यातले काही कळत नव्हते. ते म्हणाले, "लहानपणापासून धाकट्यानं कॅमेरा वाहिला, थोरल्यानं पेटी. ज्यानं जे वाहिलं ते त्याचं." सगळे हसले. दादाही हसला. आम्ही दोघे एकाच गोष्टीला हसलो ते त्या दिवशी शेवटचे. दुसऱ्याच आठवड्यात मागल्या दाराच्या बोळावरून जुंपली. अडीच हात रुंदीचा बोळ तो. त्यातून एक मांजर आणि एक मोरी जाते. पण त्यापायी बावीस वर्षे आम्ही लग्न, मुंज आणि तेरावे यांखेरीज एकमेकांशी बोललो नव्हतो. मध्ये नऊ इंची भिंत. गणपतीसुद्धा दोन बसतात. दादाच्या आरतीच्या टाळा ऐकू आल्या की आमच्याकडे निरांजन पेटते.

असो. सांगत होतो कॅमेऱ्याचे.

कॅमेऱ्याला त्याचे नेहमीचे, ५५ मिलिमीटरचे भिंग लावलेले होते. मी नातीला घेऊन गच्चीवर गेलो, कठड्याच्या भेगेत उगवलेले एक रानफूल गाठले आणि डोळा लावला. जरा पुढे झालो, फूल अंधूक. आणखी पुढे झालो, नाहीसेच! मागे मागे सरत गेलो तेव्हा सुमारे दीड फुटावर ते स्पष्ट झाले. पण एवढेसे, मोहरीएवढे. या भिंगाला पंचेचाळीस सेंटिमीटरच्या अलीकडचे दिसत नाही. तिथून काढला तर नखाएवढ्या फुलाची फिल्मवरची छबी दोन मिलिमीटरही भरत नाही. आणि फिल्मची चौकट तर चोवीस बाय छत्तीस!

वर्तमानपत्र हात लांब करून वाचणाऱ्या माणसाला हा रोग ओळखायला वेळ लागत नाही. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगते. वय झाले की ते ताठर होते आणि फुगेनासे होते. कॅमेऱ्याच्या काचेला तर फुगणे माहीतच नाही. ती फक्त पुढे सरकू शकते. वस्तू जितकी जवळ, तितके भिंग फिल्मपासून दूर न्यावे लागते. आणि आट्या संपल्या की सरकणे संपले. म्हणजे जन्मजात चाळिशी! मग उपायही तोच. मी नाकावरचा अडीच नंबरचा चष्मा काढला आणि त्याची एक काच भिंगापुढे धरली. काय सांगावे, कॅमेरा वीतभर अंतरावर आला आणि फूल पाचपटीने नव्हे तरी दुपटीहून मोठे झाले. कडा इंद्रधनुष्यासारख्या रंगल्या, पण झाले मोठे.

"अहो," मागून आवाज आला, "चष्मा कॅमेऱ्याला लावलात. आता तुम्ही कशानं बघणार?"

नात म्हणाली, "आजोबा, माझ्या आईच्या फोनमध्ये मॅक्रो आहे की!" मला ते ऐकू आले नाही. वयाचे काही फायदे असतात.

आठ दिवसांनी मी मुंबईला गेलो. अडीचशे किलोमीटर. फोर्टातल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, हे ऐकून होतो. त्यांपैकी एका जिन्याखालच्या टीचभर दुकानात एक म्हातारे दुरुस्तीवाले भेटले. डोळ्याला घड्याळजीसारखे भिंग लावून ते एका शटरचे स्क्रू काढीत होते. मी माझी कथा सांगितली. त्यांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला :

"फूल की फुलपाखरू?"

मला वाटले, काव्य चालले आहे. पण तो व्यवहार होता, आणि भिंग निवडण्याच्या शास्त्रातला पहिला प्रश्न तोच आहे असे आता माझे मत झाले आहे. फूल पळून जात नाही. त्याला पन्नासचे भिंग चालते, अगदी नाक टेकवून काढता येते. फुलपाखराला आपली सावली चालत नाही. त्याच्यासाठी शंभरचे भिंग हवे, म्हणजे तितकेच मोठे चित्र साधारण दुप्पट अंतरावरून मिळते. दुप्पट अंतर म्हणजे दुप्पट किंमत, आणि कधी कधी त्याहूनही जास्त. मी फूल म्हणालो. खिशाकडे पाहून म्हणालो.

मग त्यांनी कपाटातून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली. साड्यांच्या दुकानात मांडतात तशी. पहिली आली ती क्लोज-अपची काच. अधिक एक, अधिक दोन, अधिक चार, असे तिचे नंबर. "हा तुमचा चष्माच," ते म्हणाले. खरोखरच हे नंबर चष्म्याचे असतात. अधिक एक म्हणजे दूरवर लावलेले भिंग एक मीटरवर पाहू लागते, अधिक दोन म्हणजे अर्ध्या मीटरवर, अधिक चार म्हणजे पंचवीस सेंटिमीटरवर. दोन काचा एकीवर एक लावल्या तर नंबरांची बेरीज होते. जास्त नंबराची काच मात्र भिंगाच्या लगत लावायची. हिचा मोठा गुण असा की, ती प्रकाश खात नाही. अवगुण म्हणजे स्वस्तातली एकेरी काच कडांची खिचडी करते. दोन काचा चिकटवून केलेली मिळते ती चांगली; पण ती त्यांच्याकडे माझ्या भिंगाच्या एकोणपन्नास मिलिमीटरच्या मापात नव्हती.

दुसरी वस्तू म्हणजे नुसती एक कडी. हिने भिंग उलटे लावता येते, ढुंगण पुढे आणि तोंड फिल्मकडे! मी हसलो, तसे ते गंभीर झाले. "यात हसण्यासारखं काय आहे? लेन्स घडवली ती पुढं लांबचं जग आणि मागं जवळ फिल्म, असं धरून. तुम्ही आता वस्तू फिल्मपेक्षाही जवळ आणणार. मग लेन्स फिरवायलाच नको का?" तर्क बिनतोड होता. पण उलट्या भिंगाची मागची काच उघडी पडते, आणि फुलाशी इतके चिकटावे लागते की आपल्याच टोपीची सावली आड येते. मला ती कडी फार आवडली. घेतली मात्र नाही.

तिसरी वस्तू म्हणजे नळकांडी, एक्स्टेन्शन ट्यूब. सात, चौदा आणि अठ्ठावीस मिलिमीटर उंचीची तीन रिकामी नळकांडी; कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये आट्यांनी बसतात. भिंगाला जे पुढे सरकता येत नव्हते ते सरकवून देतात, इतकेच. हिशेब सोपा आहे. नळकांड्याची उंची भागिले भिंगाचे मिलिमीटर. तिन्ही मिळून एकोणपन्नास, भिंग पंचावन्न, वर भिंगाचे स्वतःचे थोडे सरकणे. म्हणजे जवळजवळ एकास एक : नखाएवढे फूल फिल्मवरही नखाएवढेच. "यात काच नाही, खराब काय होणार?" ते म्हणाले. "नुसती हवा आहे. हवेचे पैसे घ्यायला मला लाज वाटते." तरीही त्यांनी ते घेतले.

पण हवा फुकट नसते. भिंग फिल्मपासून दुप्पट दूर गेले की फिल्मवर पडणारा प्रकाश चौथाई उरतो. स्पॉटमॅटिकचे कौतुक असे की, त्याचा प्रकाशमापक भिंगातून आलेलाच प्रकाश मोजतो. त्यामुळे हा हिशेब त्याचा तो करतो. पण आमच्या स्पॉटमॅटिकचा प्रकाशमापक केव्हाच देवाघरी गेलेला. तेव्हा आकडेमोड माझ्याकडे आली.

चौथी वस्तू त्यांनी कापडातून काढली. भाता! लोहाराचा असतो तसाच, पण काळ्या चामड्याचा, तळहातावर मावेल एवढा, खाली दातेरी पट्टी. नळकांडी ठरलेल्या मापांची. भात्याला माप नाही, हवे तेवढे ताणावे. मी त्याला हातात घेऊन दोन वेळा उघडमीट केला. किंमत ऐकून तिसऱ्यांदा केला नाही.

"आणि खरी मॅक्रो लेन्स?" मी विचारले.

या प्रश्नासरशी त्यांनी डोळ्यावरचे भिंग काढून ठेवले. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी मॅक्रो म्हणून घडवलेले पहिले भिंग जर्मन कारागीर हाइन्झ किलफिटचे, १९५५ चे : माक्रो-किलार. पुढच्याच वर्षी जपानात निकॉनचे मायक्रो-निक्कोर निघाले, आणि ते फुलांसाठी नव्हे तर कागदांसाठी! जपानी लिपीतली दाट रेघांची अक्षरे मायक्रोफिल्मवर घेताना नेहमीच्या भिंगांनी चिकटत. त्या अक्षरांची रेघ न् रेघ सुटी यावी म्हणून ते घडवले. साधे भिंग लांबच्यासाठी घासलेले असते. त्याला नळकांड्यावर चढवून जवळ नेले तर मधले ठीक येते, कोपरे लोंबतात. मॅक्रो भिंग जवळच्यासाठीच घासलेले. कागद सपाट तर चित्रही सपाट. हे सगळे ऐकताना मला वाटले, माणसांतही असे दोन प्रकार आहेत खरे; पण तो निबंध निराळा.

मी मोबाइलमध्ये भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून नेला होता. तो त्यांनी बोटांनी ताणताणून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हा नुसत्या नळकांड्यावर काढलेला नाही. हा ताकुमार मॅक्रोनं काढलाय. पन्नास, एफ फोर. कुठं आहे ती लेन्स?"

"भावाकडं असते."

"भाऊ कुठं असतो? अमेरिकेत?"

"शेजारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग माझे पंचावन्नचे भिंग उचलून दिव्यासमोर धरले. "हे बघा. आत कोळ्याचं जाळं दिसतंय ना? ती बुरशी. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवली की लागतेच. पुसून देतो, पण काचेवरचं कोटिंग तिनं खाल्लंय, डाग राहणार." पुसून दिले. पैसे घेताना पुन्हा म्हणाले, "शेजारी भाऊ, आणि इतक्या लांब आलात?"

मी तीन नळकांडी, एक केबल रिलीज आणि दोनशे स्पीडचा एक रंगीत रोल घेऊन परत आलो.

त्या रोलची हकीकत थोडक्यात आटोपतो. एकास एकच्या चित्रात छिद्र अकरावर ठेवले तरी स्पष्टतेची जाडी सव्वा-दीड मिलिमीटरच्या आत असते. आडव्या तिळाएवढी! पुढची पाकळी स्पष्ट तर मागची ढगात. शिवाय श्रावणातले आभाळ, चौथाई उरलेला प्रकाश. म्हणजे शटर एक पंधरांश सेकंद उघडे, आणि तेवढ्यात वाऱ्याने फुलाला नकार द्यायचे आठवायचे. तिपाई फुलाच्या उंचीवर येत नाही. छत्री धरायला माणूस नाही. सड्यावर पालथे पडता येते. उठताना मात्र आधार लागतो. छत्तीसपैकी तीन चित्रे धड आली, आणि त्या तिघांवरही पांढुरका पदर : बुरशीचे डाग. दुकानदाराने स्कॅन करून मोबाइलवर पाठवली होती. गणपतीला नात पुन्हा आली तेव्हा मी ती दाखवली. तिने भिंतीकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले, आणि फारच समजूतदारपणाने म्हणाली, "रंग छान आलाय, आजोबा."

मुलांना वाटणी कळत नाही. दोन्ही गणपतींचा प्रसाद मिळतो म्हणून ती दिवसातून चार वेळा पलीकडे जाते. संध्याकाळी परत आली ती मोदक खात खात.

"मोठ्या आजोबांना मी फोटो सांगितले. कसे आले तेही सांगितलं."

"बरं. मग?"

"मी म्हटलं, ती पेटी द्या, मी नेते. तर म्हणाले, पेटी तुला झेपायची नाही. पेटी मीच वाहतो, असं सांग त्याला."

रात्री मला झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. दारात दादा उभा. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांना पट्टे, काखेत छत्री, आणि खांद्यावर ती पेटी. पट्टा नवा होता.

"चल, वारं सुटायच्या आत," तो म्हणाला. बावीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य.

आम्ही रिक्षा केली, हे अण्णांना आवडले नसते. यवतेश्वर मागे टाकून, रस्त्याकडेच्या एका सड्यावर उतरलो. पाऊस नुकताच थांबला होता. जांभ्याच्या खळग्यांतून पाणी साचलेले, आणि पाण्याच्या कडेने सगळीकडे तो निळाजांभळा रंग. एवढी नाजूक दिसणारी ही झाडे किडेखाऊ आहेत. जमिनीखाली त्यांना बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून ते पचवतात. शास्त्राच्या शिक्षकांची मुले आम्ही. हे दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघांनीही एकमेकांना सांगितले.

दादाने पेटी उघडली. आत अण्णांनी कापलेल्या स्पंजाच्या खाचा, प्रत्येक वस्तू आपापल्या खाचेत. मी मॅक्रो भिंग उचलून आभाळाकडे धरले. आरपार स्वच्छ. एक डाग नाही, एक तंतू नाही. मी ते तीन वेळा फिरवून पाहिले. पेटीच्या कोपऱ्यात मलमलीची एक पुरचुंडी होती. तीत निळे दाणे.

ते दाणे मला ठाऊक होते. सिलिका जेल. कोरडे असले की निळे, ओल शोषली की गुलाबी. गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे होतात. आई आपला तवा त्याला देईना, म्हणून अण्णांनी एक फुटका तवा वेगळा ठेवला होता. वाटणीत तो कोणीच मागितला नव्हता.

"हे अजून निळे कसे?" मी विचारले.

"तुझी वहिनी भाजते. मृग लागला की एकदा, मग पावसाळाभर पंधरा दिवसांनी. अण्णा करायचे तसं."

"पण तुला ही भिंगं… तू कधी वापरलीस?"

"कशावर वापरणार? कॅमेरा तुझ्याकडं."

मला काही सुचेना. मी पेटीच्या झाकणाकडे पाहू लागलो. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला एक कागद चिकटवला होता, अण्णांच्या अक्षरात. 'एकास चार : अर्धे घर, थोडे वर. एकास दोन : सव्वा घर. एकास एक : दोन घरे. छिद्र सोळाच्या पुढे नेऊ नये, चित्र मऊ पडते. वाऱ्याशी भांडू नये, थांबावे.' बोरा बाजारातून आल्यावर चार रात्री बसून मी जी आकडेमोड केली होती, ती इथे चार ओळींत होती; आणि अधिक बरोबर होती.

मॅक्रो भिंग एकटे निम्म्या आकारापर्यंत जाते. माझ्या नव्या नळकांड्यांपैकी अठ्ठावीसचे मध्ये घातले तेव्हा ते एकास एकला पोचले. तेवढीच माझ्या खरेदीची लाज राहिली. पेटीत आणखी एक पिशवी होती, वाळू भरलेली. ती जमिनीवर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा. माझे मत विचाराल तर जगातली कुठलीही तिपाई तिची बरोबरी करीत नाही. मी पालथा पडलो. दादाने काळी छत्री वाऱ्याच्या बाजूने धरली आणि दुसऱ्या हातात पांढरा रुमाल ताणून फुलावर उजेड टाकला. लहानपणी तो हेच करीत असे. अण्णांच्या जागी मी होतो, एवढाच काय तो फरक.

"हलतंय का?" तो विचारी.

"हलतंय."

"थांब मग."

एका चौकटीला वीस मिनिटे लागली. तीन तासांत अकरा चौकटी झाल्या. मधल्या वेळात आम्ही बरेच बोललो; बोळाबद्दल नाही. अकराव्या चौकटीनंतर दादा म्हणाला, "आता दे, मी एक काढतो." त्याने आयुष्यात कधी शटर दाबले नव्हते. पालथे पडताना त्याचे गुडघे वाजले. छत्री मी धरली. त्याने श्वास रोखला, केबल दाबली, आणि मग विचारले, "झालं?"

रोल धुऊन आला तेव्हा नवरात्र सुरू झाले होते. नातीने मोठ्या पडद्यावर एकेक चित्र पाहिले आणि भिंतीवर लावायला एक निवडले. बारावे. मी काही बोललो नाही.

पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सड्यावरच्या दमट हवेत पेटी तीन तास उघडी राहिली होती. पुरचुंडीतले दाणे गुलाबी झाले होते. वहिनी फुटका तवा घेऊन आमच्याच स्वयंपाकघरात आल्या. हिने गॅस पेटवून दिला. आम्ही दोघे दारात उभे राहून दाण्यांचा रंग पालटताना पाहत होतो.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ते तुमचं बुरशीवालं भिंगही द्या. पेटीत एक खाच रिकामी आहे."

ती खाच पंचावन्नच्याच मापाची होती. मी भिंग आणून दिले. दादाने ते रुमालाने पुसले, खाचेत बसवले, वर कोमट दाण्यांची पुरचुंडी ठेवली.

"झाकण लाव लवकर," तो म्हणाला. "ओल जाते आत."